कमल पलीकडे कशी पोचली

“फ्लॉपी आत जाते, दिवा लागतो, मग वाचता का येत नाही?” नव्वदच्या दशकात नारायण पेठेतल्या माझ्या टेबलासमोर बसून हा प्रश्न कितीजणांनी विचारला असेल! दिवाळी अंकांचे संपादक, छापखानेवाले, प्रबंध लिहिणारे प्राध्यापक, पतपेढ्यांचे चिटणीस. एका यंत्रावरची फाइल त्याच्याशी न जुळणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर नेऊन देणं हा माझा व्यवसाय होता. पाटीवर ‘डेटा कन्व्हर्जन’ लिहिलेलं. गिऱ्हाइकं ‘फ्लॉपीवाल्या बाई’ म्हणत. त्याआधी मी पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेच्या संगणक कक्षात ऑपरेटर होते, आणि तिथल्या शास्त्रज्ञांचा निम्मा वैतागही याच कामापायी असे.

प्रश्नाचं उत्तर तीन ठिकाणी शोधावं लागतं: चकतीवर, तारेत आणि अक्षरात. पहिल्या दोन ठिकाणच्या अडचणी जगाने ऐंशीच्या दशकात बऱ्याचशा सोडवल्या. तिसऱ्या ठिकाणी मराठी पुढची कित्येक वर्षं अडकून पडली. असं का झालं ते सांगायचं, तर चकतीपासूनच सुरुवात करायला हवी.

आयबीएमची आठ इंची फ्लॉपी १९७१ची, शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची १९७६ची, आणि सोनीची साडेतीन इंची ऐंशीच्या दशकातली. आकार तीनच, पण त्यांत माहिती कशी मांडायची ते ज्याने त्याने ठरवलं. आठ इंचीच्या बाबतीत आयबीएमच्या ३७४० यंत्राची मांडणी बहुतेकांनी उचलली: ७७ ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, प्रत्येकात २६ सेक्टर म्हणजे तुकडे, प्रत्येक सेक्टरमध्ये १२८ बाइट. सीपी/एम ही तेव्हाची लोकप्रिय कार्यप्रणाली याच मांडणीवर वाढली, म्हणून आठ इंचीवरची देवाणघेवाण सोपी होती. सव्वापाच इंचीसाठी असं सर्वमान्य काही ठरलंच नाही. ऑसबोर्न, केप्रो, सुपरब्रेन ही सगळी सीपी/एमवरच चालणारी यंत्रं. चकत्या दिसायला एकसारख्या, पण एकाची दुसऱ्याला वाचता येत नसे. पुढे युनिफॉर्म, २२डिस्क असे प्रोग्रॅम निघाले, ते आयबीएम पीसीवर बसून अशा अनेक मांडण्या वाचून देत. माझं पोट काही काळ अशाच प्रोग्रॅमवर चाललं.

मॅकिंटॉशची गोष्ट आणखी निराळी. १९८४च्या पहिल्या मॅकमध्ये साडेतीन इंची फ्लॉपीवर ४०० किलोबाइट मावत. बाहेरचे ट्रॅक लांब असतात, तिथे जास्त माहिती बसावी म्हणून तो ड्राइव्ह ट्रॅकनुसार मोटरचा वेग बदलत असे. पीसीचा ड्राइव्ह एकाच वेगाने फिरणारा. त्यामुळे मॅकची ती फ्लॉपी पीसीत घातली, की कोणताही प्रोग्रॅम काही करू शकत नसे. १९८८पासून ॲपलने दोन्ही प्रकार वाचणारा ड्राइव्ह बसवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

एकाच घराण्यातल्या यंत्रांचंही पटत नसे. पीसीच्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर ४० ट्रॅक, ३६० किलोबाइट. १९८४मध्ये पीसी-एटी आला, त्याच्या ड्राइव्हमध्ये ८० ट्रॅक, १.२ मेगाबाइट. नवा ड्राइव्ह जुनी फ्लॉपी वाचायचा, पण त्याचं लिहिणारं हेड निम्म्या रुंदीचं. जुन्या रुंद पट्ट्यावर त्याने बारीक पट्टा ओढला, की कडेला जुनी माहिती शिल्लक राही. तीच फ्लॉपी परत जुन्या ड्राइव्हमध्ये गेली, की त्याचं रुंद हेड जुनं-नवं एकदमच वाचे आणि गोंधळे. “ऑफिसात चालते, घरी चालत नाही,” अशी तक्रार आली, की मी आधी दोन्हीकडच्या ड्राइव्हची चौकशी करी. चुंबकाने साफ पुसलेली फ्लॉपी घेऊन ती नव्या ड्राइव्हवर ३६०चीच फॉरमॅट करायची, म्हणजे कडेला वाचण्यासारखं काही उरत नाही, हा त्यावरचा उपाय.

शाळांचे शिक्षकही येत. १९८४मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, आणि त्यातून देशातल्या काही शाळांमध्ये ब्रिटनचे बीबीसी मायक्रो आले. मुलांनी केलेले प्रोग्रॅम, गुणांचे तक्ते असं काहीबाही त्यांच्या फ्लॉप्यांवर असे. त्या लिहिण्याची पद्धत जुनी, एकेरी घनतेची. पुष्कळ पीसींचे कंट्रोलर ती ओळखतच नसत. अशा वेळी मी सरांना सांगे, “सर, फ्लॉपी राहू द्या. मशीनच घेऊन या.”

मशीन आणायचं ते तारेने जोडायला. आरएस-२३२ हे जोडणीचं प्रमाण १९६० सालचं, म्हणजे घरगुती संगणकाच्या कितीतरी आधीचं. एका बाजूला टर्मिनल, दुसऱ्या बाजूला मोडेम, असं गृहीत धरून ते आखलेलं. पंचवीस पिनांच्या जोडणीत टर्मिनल दोन नंबरवर बोलतं, तीन नंबरवर ऐकतं. दोन संगणक थेट जोडले, तर दोघेही स्वतःला टर्मिनल समजतात आणि दोघेही दोन नंबरवरच बोलत बसतात. म्हणून तारेत दोन आणि तीन उलटसुलट करायचे. त्या तारेला नल मोडेम म्हणत. त्यात पीसी-एटीने नऊ पिनांचा कनेक्टर आणला आणि त्यात दोनवर ऐकणं, तीनवर बोलणं असा उलटा क्रम ठेवला. त्यामुळे नऊ-पंचवीस अशी तार करताना दोनला दोन आणि तीनला तीन सरळ जोडलं, की बरोबर चालायचं! बीबीसी मायक्रोचं तिसरंच. तिथे पाच पिनांचं गोल सॉकेट. तपकीर गल्लीतून कनेक्टर आणून मी स्वतः डाग देत असे. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या त्या तारांवर कागदी चिठ्ठ्या असत: कोणतं टोक कुणाचं.

तार जुळली तरी काम अर्धंच. पलीकडे काय गेलं, बरोबर गेलं का, संपलं कधी, हे कोण सांगणार? यावरचं पहिलं गाजलेलं उत्तर शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचं. १९७७मध्ये त्यांनी सीपी/एमसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि कुणीही वापरावा म्हणून मोकळा सोडला. त्यातली पद्धत पुढे एक्समोडेम म्हणून ओळखली गेली. याच क्रिस्टेन्सननी रँडी सूस यांच्याबरोबर फेब्रुवारी १९७८मध्ये टेलिफोनवरून चालणारं पहिलं संगणकीय सूचनाफलक केंद्र सुरू केलं. एक्समोडेम अगदी सुटसुटीत. फाइलचे १२८-१२८ बाइटचे तुकडे करायचे, कारण सीपी/एमचा सेक्टर तेवढाच. प्रत्येक तुकड्याच्या पुढे त्याचा क्रमांक, मागे बेरजेचा पडताळा. पलीकडच्याने ‘मिळालं’ म्हटलं तर पुढचा तुकडा, ‘चुकलं’ म्हटलं तर तोच पुन्हा.

दोन्ही बाजूंना सारखीच छोटी यंत्रं असतील, तर याहून चांगलं काही नको. पण या पद्धतीने दोन गोष्टी धरून चालल्या होत्या. एक, तारेतून प्रत्येक बाइटचे आठही बिट जसेच्या तसे जातील. दोन, मधलं कुणीही कोणतंही अक्षर गिळणार नाही. मोठ्या संगणकांच्या जगात या दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. तिथल्या पुष्कळ लाइनी सात बिटांच्या. आठवा बिट पॅरिटीसाठी, म्हणजे चूक ओळखण्यासाठी राखलेला. आणि काही अक्षरं तिथे अक्षरं नसून हुकूम असत. कंट्रोल-एस आलं की पाठवणं थांबवायचं, कंट्रोल-क्यू आलं की पुन्हा सुरू करायचं. तुमच्या फाइलमध्ये तो बाइट सहज कुठे आला, की पलीकडचं यंत्र मुकाट थांबून राही.

कोलंबिया विद्यापीठात १९८०च्या सुमारास नेमकी हीच अडचण उभी राहिली. न्यूयॉर्कच्या त्या विद्यापीठात विद्यार्थी डेक कंपनीच्या डेक-२० यंत्रांवर काम करत. मोठ्या यंत्राच्या डिस्कवरची जागा महाग, विद्यार्थ्यांच्या वाट्याला ती थोडीच येई. त्यांनी आपल्या फाइली स्वस्त फ्लॉपीवर उतरवून न्याव्यात, असा विचार निघाला. त्यासाठी सीपी/एमवर चालणारी सुपरब्रेन यंत्रं आली. शिवाय विद्यापीठात आयबीएमचं मेनफ्रेमही होतं. आता ही तीन यंत्रं पाहा. डेक-२०चा शब्द ३६ बिटांचा. त्यात सात-सात बिटांची पाच अक्षरं बसतात आणि एक बिट रिकामा राहतो. सुपरब्रेन आठ बिटांचं. आयबीएमचंही बाइट आठ बिटांचंच, पण त्याची वर्णसंहिता एबसिडिक, बाकीच्यांची ॲस्की. ॲस्कीत इंग्रजी ए म्हणजे ६५, एबसिडिकमध्ये १९३. ॲस्कीत ए ते झेड ओळीने येतात. एबसिडिकमध्ये आय आणि जे यांच्यामध्ये सात जागांची फट. त्यात आयबीएमच्या लाइनीवर एका वेळी एकानेच बोलायचं, आणि आपली पाळी आल्याची खूण मिळेपर्यंत दुसऱ्याने गप्प बसायचं.

बाजारात मिळणारं सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्रासाठी वेगळं विकत घ्यावं लागलं असतं. त्याऐवजी फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी स्वतःच पद्धत आखली. एप्रिल १९८१मध्ये तिच्यावरून पहिली फाइल गेली. नाव सुचेना, तेव्हा भिंतीवर मपेट बाहुल्यांचं कॅलेंडर होतं. त्यातल्या बेडकाचं नाव त्यांनी, पुढे हेन्सन कंपनीची रीतसर परवानगी घेऊन, पद्धतीला दिलं: कर्मिट.

कर्मिटची सगळी हुशारी एका निश्चयात आहे. मधली लाइन काय गिळेल ते आपल्याला माहीत नाही, तेव्हा जे कुणीच गिळत नाही तेवढंच पाठवायचं. कुणीच गिळत नाहीत ती ॲस्कीतली साधी छापील अक्षरं. म्हणून पॅकेटच्या, म्हणजे पाठवायच्या प्रत्येक तुकड्याच्या, सुरुवातीची एक खूण आणि शेवटची ओळ संपवणारी खूण सोडली, तर कर्मिट तारेवर छापील अक्षरांखेरीज काही घालतच नाही. फाइलमध्ये कंट्रोल-एस आलं, तर आधी हॅशचं चिन्ह आणि मग साधा एस. आठवा बिट लागलेला बाइट आला आणि लाइन सातच बिटांची असली, तर आधी अँडचं चिन्ह, मग उरलेल्या सात बिटांचं अक्षर. पॅकेटची लांबी सांगणारा आकडाही छापील अक्षरातच: आकड्यात ३२ मिळवायचे आणि येईल ते अक्षर लिहायचं. ९४ अधिक ३२ म्हणजे १२६, हे छापील अक्षरांतलं शेवटचं. म्हणून मूळच्या कर्मिटमध्ये लांबीचा आकडा ९४वर थांबतो.

काम सुरू होण्याआधी दोन्ही यंत्रं, लग्नाच्या याद्या कराव्यात तशी, एकमेकांशी बोलून घेतात. मी एवढ्या लांबीचं पॅकेट घेऊ शकतो, इतके सेकंद वाट पाहतो, आठव्या बिटासाठी हे चिन्ह वापरतो. पलीकडचा आपलं सांगतो. ज्याबद्दल कुणी काही बोललं नाही, तिथे सर्वांत साधा पर्याय धरायचा. त्यामुळे काल लिहिलेलं कर्मिट आणि पाच वर्षांपूर्वीचं कर्मिट यांचंही जमून जाई.

मजकुराच्या फाइलींसाठी आणखी एक नेम होता, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. ओळ संपल्याची खूण डॉसमध्ये दोन अक्षरांची, युनिक्समध्ये एका, तेव्हाच्या मॅकमध्ये एका, पण वेगळ्याच. युनिक्सची फाइल डॉसच्या पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरते ती त्यामुळे. कर्मिटने ठरवलं, की तारेवर असताना मजकूर एकाच सामायिक रूपात असेल: ॲस्की अक्षरं आणि दोन अक्षरी ओळ-अखेर. पाठवणाऱ्याने आपल्या रूपातून त्या रूपात आणायचं, घेणाऱ्याने त्या रूपातून आपल्या रूपात. प्रत्येकाने फक्त स्वतःला ओळखायचं. पलीकडे डेक आहे की आयबीएम, हे विचारायचंच नाही.

कोलंबियाने कर्मिट विकायला काढलं नाही. टेपचा आणि पाठवण्याचा खर्च घेऊन ते सोर्स कोडसह देत, आणि ज्याच्याकडे जे यंत्र असेल तो त्यावरचं कर्मिट लिहून परत पाठवी. यंत्रांची यादी शेकड्यांत गेली. आमच्या संस्थेत ते एका टेपवरून आलं; पण पीसीवर कसं न्यायचं? कर्मिट आणायला आधी कर्मिट हवं! त्यासाठी पीसीच्या कर्मिटबरोबर ‘बू’ नावाची फाइल येई: प्रोग्रॅमचे तीन-तीन बाइट चार-चार छापील अक्षरांत मांडलेले. ती साध्या मजकुरासारखी पीसीवर उतरवून घ्यायची, आणि बेसिकमधला एक छोटा प्रोग्रॅम हाताने टाइप करून तिच्यातून खरं कर्मिट बाहेर काढायचं. आमच्या कक्षात ते काम माझ्याकडे होतं.

कर्मिट मंद आहे, असं सगळे म्हणत. खरंच होतं. एक पॅकेट पाठवायचं आणि उत्तराची वाट पाहायची, त्यात हॅश आणि अँडची भर. १२०० बिट वेगाच्या मोडेमवर सेकंदाला १२० अक्षरं जातात. ३६० किलोबाइटची फ्लॉपी नुसती सरळ ओतायची म्हटलं, तरी ५१ मिनिटं. कर्मिटला त्याहून बराच जास्त वेळ लागे. पुढे लांब पॅकेट आणि उत्तराची वाट न पाहता पॅकेटं पुढे पाठवण्याची सोय आली, वेग वाढला. पण ऐंशीच्या दशकात लोक कर्मिटकडे वेगासाठी येत नसत. दुसरं काहीच चालत नाही तेव्हा येत.

आता तिसरी जागा, अक्षर. इथून पुढचा इतिहास आपल्या घरचा आहे.

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. जिस्ट हे त्याचं नाव. मोहन तांबे हे त्यातलं प्रमुख नाव. पीसीत जिस्ट कार्ड बसवलं, की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागची वर्णसंहिता इस्की. तिच्या आवृत्त्या ऐंशीच्या दशकापासून निघत गेल्या आणि १९९१मध्ये ती भारतीय मानक झाली. इस्कीची रचना नेटकी. खालचे १२८ कोड ॲस्कीचे, त्यांना हात लावायचा नाही. वरच्या भागात आपली वर्णमाला. क म्हणजे १७९, मग तो देवनागरी असो, बंगाली असो की कन्नड. आणि अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची: ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी दिसते, ती दाखवणाऱ्याची जबाबदारी.

पण वरचा भाग म्हणजेच आठवा बिट लागलेले बाइट. आणि आठव्या बिटावर तेव्हा सगळ्यांचाच डोळा होता. वर्डस्टार आपल्या डॉक्युमेंट पद्धतीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरी. म्हणून अशी इंग्रजी फाइल डॉसमध्ये सरळ उघडली, की दर शब्दाच्या शेवटी विचित्र चिन्ह दिसे. ते घालवायला आठवा बिट उडवणारे छोटे प्रोग्रॅम सगळीकडे फिरत असत. इंग्रजीला ते औषध होतं. मराठीला विष. १९८६पासून एर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या संगणक जाळ्यामुळे आयआयटी, आयआयएससी, मुंबईचं एनसीएसटी अशा संस्था जोडल्या जाऊ लागल्या. पण ईमेलचा तेव्हाचा नियमही सात बिटांचाच.

आठवा बिट गेला म्हणजे काय होतं? ‘कमल’ हे नाव घ्या. इस्कीत क १७९, म २०४, ल २०९. प्रत्येकातून १२८ वजा करा: ५१, ७६, ८१. ॲस्कीत ५१ म्हणजे आकडा तीन, ७६ म्हणजे एल, ८१ म्हणजे क्यू. कमल नावाची बाई पलीकडे तीन-एल-क्यू होऊन उतरते. आणि परतीचा रस्ता नाही, कारण मूळ फाइलमध्येही कुठे खराच आकडा तीन असू शकतो.

हीच कमल कर्मिटने त्याच सात बिटांच्या लाइनवरून पाठवा. तारेवर जातं: अँड-तीन, अँड-एल, अँड-क्यू. तीनाची सहा अक्षरं होतात, वेळ दुप्पट लागतो, आणि पलीकडे कमल धडधाकट उतरते. कोलंबियात पद्धत आखताना मराठीचा विचार कुणी केला असण्याचं कारण नव्हतं. लाइन कशी आहे आणि फाइलमध्ये काय आहे, याबद्दल त्यांनी काहीच गृहीत धरलं नव्हतं, म्हणून जी लिपी त्यांनी कधी पाहिलीही नसेल तिचीही सोय आपोआप झाली. संस्थेत असताना हे मी पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं, तेव्हापासून कर्मिटला मंद म्हणणं सोडून दिलं.

मग विंडोज आलं, पानं जुळवणारं पेजमेकर आलं, आणि मराठी छपाईने डॉस सोडलं. खिळे जुळवण्याचं काम ज्या छापखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं, तिथे दोन-चार वर्षांत डीटीपी आलं. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांनी मराठीला सुरेख फॉन्ट दिले. आजच्या पुस्तकांचं रूप त्यातूनच घडलं. पण या फॉन्टांची युक्ती अशी होती, की इंग्रजीसाठी असलेल्या जागांमध्ये मराठीचे आकार बसवायचे. संगणकाला वाटतं इंग्रजी चाललंय, डोळ्यांना दिसतं मराठी. एका फॉन्टमध्ये जागा २५६, त्यातल्या काही वापरता न येणाऱ्या. आपली जोडाक्षरं शेकडो. मग अक्षरांचे तुकडे पाडायचे: अर्धा ग वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा, रफार आणि अनुस्वार मिळून आणखी एक. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येकाचं स्वतंत्र.

छापायला यात काही अडचण नव्हती. छापलेल्या कागदाला कोड नसतो. अडचण फाइल हलवताना. कर्मिटने पलीकडच्याबद्दल कमीत कमी धरलं होतं. इथे नेमकं उलट, जास्तीत जास्त धरलेलं: पलीकडे माझाच फॉन्ट असेल, तोही त्याच आवृत्तीचा, आणि मधलं कुणीही माझ्या वरच्या १२८ जागांना हात लावणार नाही.

मधले हात लावत. आणि तेही भल्यासाठी! मॅक आणि विंडोज यांच्या वरच्या जागांचा क्रम निराळा. फ्रेंचमधला डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई विंडोजमध्ये २३३व्या जागी, मॅकमध्ये १४२व्या. म्हणून मजकुराची फाइल विंडोजवरून मॅकवर नेणारा प्रोग्रॅम २३३ दिसलं की त्याचं १४२ करी. फ्रेंच माणूस खूश. पण आमच्या फाइलमध्ये २३३ म्हणजे ई नसून रफार किंवा एखादा अर्धा वर्ण असे. त्याची जागा बदलली की ओळीच्या ओळी बिघडत. माझ्याकडे येणाऱ्या डीटीपी मुलांना मी पहिला धडा द्यायची तो हाच: मराठी मजकूर आहे, तरी मजकूर म्हणून पाठवू नका, ‘बायनरी’ म्हणून पाठवा. मध्ये कुणाला मदत करू देऊ नका.

एका फॉन्टमधून दुसऱ्यात न्यायचं, तर नुसता तक्ता पुरत नाही. फॉन्टमध्ये मजकूर दिसेल तसा, डावीकडून उजवीकडे साठवलेला. ‘स्थिती’मध्ये आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. उच्चाराच्या क्रमात आणायचं, तर त्या वेलांटीला दोन अक्षरं ओलांडून थच्या मागे न्यावं लागतं. ‘धर्मांध’मध्ये उलटा प्रवास: रफार-अनुस्वाराचा तुकडा मच्या कान्यानंतर येतो, तो फोडायचा, रफार मागे नेऊन मच्या आधी ठेवायचा, अनुस्वार तिथेच राहू द्यायचा. आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यातला आपला खास मराठी र! हिंदी समोर ठेवून लिहिलेल्या कन्व्हर्टरला तो ठाऊकच नसे. मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होई. गेल्या वीस वर्षांत तुम्ही ते चुकीचं रूप हजारदा वाचलं असेल. त्यातलं थोडं टाइप करणाऱ्याचं अज्ञान, बरंचसं अशा रूपांतराचं उरलेलं.

दहा फॉन्ट असतील, तर एकातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटा नव्वद. मी त्या नव्वद कधी लिहिल्या नाहीत. कर्मिटची सवय कामी आली: प्रत्येक फॉन्टवरून इस्कीत आणायचं आणि इस्कीवरून हव्या त्या फॉन्टमध्ये न्यायचं. वाटा वीसच. नवा फॉन्ट आला तर दोनच वाढतात. गिऱ्हाइकाला मधल्या इस्कीचा पत्ताही नसे, पण मी त्यांना न विचारता इस्कीची प्रतही त्याच फ्लॉपीवर ठेवून देई. “बाई, ही कसली फाइल?” “राहू द्या. पुढे लागेल.”

पुढे लागली. १९९१मध्ये युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या वर्णसंहितेची पहिली आवृत्ती आली, तिच्यातली देवनागरी १९८८च्या इस्कीच्या क्रमावरच बेतलेली. विंडोज २०००मध्ये देवनागरी युनिकोड थेट चालू लागलं आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट घरोघरी गेला. ज्यांच्याकडे इस्कीची प्रत होती, त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये सहज आला. ज्यांच्याकडे फक्त पेजमेकरच्या फाइली होत्या, त्यांचं काम अजून संपलेलं नाही. पेजमेकरच्या शेवटच्या आवृत्तीपर्यंत देवनागरी युनिकोड त्यात आलंच नाही. युनिकोडही एका दमात पुरं झालं नाही. ‘ॲ’ हे आपलं रोजचं अक्षर त्यात स्वतंत्र जागी आलं ते २००८मध्ये. तोवरच्या मजकुरात कुणी ते एका प्रकारे लिहिलंय, कुणी दुसऱ्या, आणि शोध घेताना एकाला दुसरं सापडत नाही.

कर्मिट प्रकल्प कोलंबियाने २०११मध्ये बंद केला, सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला ठेवून. मात्र त्याची रीत तुमच्या फोनमध्ये रोज चालते. ईमेलला जोडलेला फोटो आजही बऱ्याचदा तीन बाइटची चार छापील अक्षरं करूनच पाठवला जातो. आमच्या ‘बू’ फाइलचंच हे गणित. मराठी विकिपीडियाचा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला, की टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची लांबच लांब माळ उमटते, तीही तशीच. त्यात क लिहायचा तर टक्का, ई शून्य. टक्का, ए चार. टक्का, नऊ पाच. एका अक्षराला नऊ चिन्हं. लोक मला विचारतात, हे काय भलतंच आलं? मी म्हणते, चिडू नका. मधल्या कुठल्याही जुन्या यंत्राला देवनागरी येत नसली, तरी हा क पलीकडे क म्हणूनच उतरेल, एवढ्यासाठी ती नऊ चिन्हं आहेत. तुमच्या कपाटातल्या दिवाळी अंकाच्या फ्लॉपीबद्दल मला एवढी खात्री देता येत नाही. ती आणाल, तेव्हा फॉन्टचं नाव आणि आवृत्ती लिहून आणा.